सोलापूरचा ख्रिस्ती माणूस : श्रद्धा, संस्कृती आणि सार्वजनिक जीवनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ख्रिस्ती म्हणून राहताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही शेजारी विचारतात, काही ऑफिसातले सहकारी. सगळ्यात अवघड प्रश्न मात्र रविवार शाळेतली आमची मुलंच विचारतात. मी प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चच्या समुदायात), मराठी उपासनेत वाढले, त्यामुळे उत्तरं त्या बाजूनं आलेली आहेत. कॅथलिक किंवा पेंटेकोस्टल भावंडं काही ठिकाणी वेगळं सांगतील. जिथं मतभेद आहेत तिथं तसं लिहिलं आहे, आणि जिथं माझं स्वतःचं मत आहे तिथंही.

सोलापुरात ख्रिस्ती लोक आले कुठून?

बहुतेक जण कुठून आलेच नाहीत, ते इथलेच आहेत. प्रचारक आले बाहेरून. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं केंद्र सुरू झालं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सोलापूरपर्यंत पोहोचलं. ज्यांनी ऐकलं ती माणसं मात्र याच जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरची, शेतमजुरीवर जगणारी होती. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वे होतीच, आणि कामासाठी चहूकडून कुटुंबं शहरात आली. त्यांत तेलुगू आणि कन्नड बोलणारे ख्रिस्तीही होते. विणकरांचं हे शहर चार भाषा बोलतं, तशी इथली मंडळीही एका भाषेत मावत नाही.

आज प्रोटेस्टंटांपैकी बऱ्याच जुन्या मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झालं. कॅथलिकांचं सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. शिवाय गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या स्वतंत्र मंडळ्या आहेत, त्यांतल्या अनेकांची उपासना भाड्याच्या हॉलमध्ये किंवा घरात होते.

दुष्काळात अन्नासाठी धर्म बदलला, असं म्हणतात. खरं आहे का?

काहींच्या बाबतीत खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. माणसं गावं सोडून निघाली, मुलं अनाथ झाली. मिशननं अन्नछत्रं आणि अनाथालयं चालवली, आणि त्या आधारानं काही कुटुंबं मंडळीत आली.

पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली हा प्रश्न विचारणाऱ्यासाठी. भुकेनं मरणारं पोर ज्याच्या दारात जगलं, त्याच्याशी त्याचं नातं जुळलं, यात त्या पोराचा कमीपणा काय? गावच्या पाणवठ्यावर ज्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याला कुणी आपल्या शेजारी बसवून घास दिला. पोट भरल्यावर तो माणूस निघून जाऊ शकत होता. पुष्कळ जण गेलेही. जे राहिले ते पाटीवर अक्षर गिरवायला मिळालं म्हणून राहिले, नावानं हाक मारली गेली म्हणून राहिले, आणि ज्या येशूनं महारोग्याला हात लावला त्याची गोष्ट आपलीच आहे असं त्यांना वाटलं म्हणून राहिले. चार-पाच पिढ्यांनंतर त्यांच्या पणतवंडांना ‘तुमचा धर्म भाकरीचा’ असं म्हणणं अन्याय आहे.

दुसरी गोष्ट आमच्यासाठी. अन्न देताना कुणी बाप्तिस्म्याची अट घातली असेल तर ते चुकलंच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू भुकेल्याला खाऊ घालण्याबद्दल बोलतो. तिथं भुकेल्याचा धर्म विचारलेला नाही.

म्हणजे तुमची संस्कृती मराठी की विलायती?

मराठी. थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या मुलांनाही हे माहीत नसतं.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानं (कॅथलिकांच्या येशूसंघातल्या धर्मगुरूनं) गोव्यात राहून मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. म्हणजे तुकोबांच्या बालपणी ख्रिस्ताची कथा ओवीत गायली जात होती. १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ हे मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी एक. १८५७ साली बाबा पदमनजींनी विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिलं आणि मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सुरू होतो असं अभ्यासक मानतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांनी अभंग सोडला नाही. आजही आमच्या उपासनेत त्यांची पदं पेटी-तबल्यावर म्हटली जातात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून टाकली तर मराठी आत्मचरित्राचं दालन केवढं ओकं होईल! आणि २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

घरात आलात तर आणखी सोपं दिसेल. नाताळाच्या फराळात केकच्या शेजारी करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे असतात. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लग्नात पांढरी साडी असते, आणि आदल्या दिवशी हळदही असते. आमच्या काही चर्चमध्ये इंग्रजी कोट-टाय आणि पियानो म्हणजेच ख्रिस्तीपण अशी समजूत अजून आहे, आणि ती मला खटकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण त्या शाकाहारी राहिल्या, लुगडं नेसत राहिल्या, आणि पुढे केडगावी बसून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. विश्वास बदलला म्हणून मायबोली आणि पदर टाकायची गरज त्यांना वाटली नाही.

गड्ड्याच्या यात्रेला जावं का? गणपतीला शेजाऱ्यांकडे गेल्यावर प्रसाद घ्यावा का?

आमच्या तरुण संघात सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात.

सोलापूरचा माणूस संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या, म्हणजेच गड्ड्याच्या, यात्रेपासून लांब राहू शकत नाही. सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांनी रस्ते भरून जातात, आणि गड्ड्यावर पाळणे लागतात. पाळण्यात बसायला, बांगड्या नि खेळणी घ्यायला, भजी खायला जाण्यात मला काही अडचण दिसत नाही. तो शहराचा मेळा आहे. पूजेत सहभागी होणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं मी हात जोडून आदरानं उभी राहते, पण पूजा करत नाही, आणि माझ्या शेजाऱ्यांनाही ते ठाऊक आहे.

प्रसादाचं म्हणाल तर पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत नेमका हाच प्रश्न घेतला आहे, कारण करिंथ शहरात बाजारातलं मांस बऱ्याचदा मूर्तीला वाहिलेलं असे. तो म्हणतो की अन्नानं माणूस देवाच्या जवळ जात नाही की दूरही जात नाही. पण आपल्या मोकळेपणामुळे एखाद्या नाजूक मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर आपण आवरतं घ्यावं. याच अध्यायांवरून दोन प्रामाणिक ख्रिस्ती माणसं दोन टोकांना पोहोचू शकतात. कुणी मोदक घेऊन प्रभूचे आभार मानून खातो, कुणी हात जोडून ‘मला नको’ म्हणतो. नुकताच विश्वासात आलेला माणूस बहुधा दुसऱ्या गटात असतो, त्याची कारणं त्याच्या आयुष्यात असतात आणि त्याला बुरसटलेला म्हणू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघांनी मिळून वाचावा.

नको म्हणायचं असेल तर कसं म्हणावं हे शिकायला हवं. काकूंनी प्रेमानं पुढे केलेली वाटी तोंड फिरवून परतवणं हा विश्वासाचा पुरावा नव्हे. ‘काकू, आमच्यात हे घेत नाहीत, पण चहा तुमच्याच हातचा पिणार,’ एवढं पुरतं. सोलापुरात अशा उत्तरावर कुणी रागावल्याचं मी पाहिलेलं नाही.

टिकली, मंगळसूत्र, बांगड्या?

घरोघरी वेगळं आहे. काही मंडळ्यांत टिकली लावत नाहीत, काहींत सर्रास लावतात. मंगळसूत्र बहुतेक मराठी ख्रिस्ती लग्नांत असतं, त्यात क्रूसाचं पदक ओवलेलं असतं. बायबलमध्ये यावर नियम नाही. सुनेच्या कपाळावरून सासरच्यांनी भांडण काढू नये, इतकंच म्हणेन.

आषाढीच्या वारीशी ख्रिस्ती माणसाचा काय संबंध?

पंढरपूर आमच्या जिल्ह्यात आहे. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला आणि तुकोबांची अकलूजला जिल्ह्यात येते, तेव्हापासून सगळं सोलापूर त्या कामात असतं. दवाखान्यातल्या ख्रिस्ती परिचारिका ड्युटीवर असतात, एसटीतले आमचे भाऊ जादा गाड्यांवर असतात, पालिकेतले सफाई कामगार तर रात्रंदिवस राबतात. मंडळीनं म्हणून पाणी वाटायला, पायाला तेल लावून द्यायला, औषधं द्यायला जाण्यात मला आनंदच वाटेल. मात्र पाण्याच्या बाटलीबरोबर पत्रक हातात कोंबू नये. पायाला फोड आलेला वारकरी आपल्या दारात तहानलेला उभा आहे, त्या क्षणी त्याला पाणीच हवं असतं.

रेव्हरंड टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. संतांचे अभंग वाचल्यानं आमचा विश्वास पातळ होत नाही. देवापुढे सगळे सारखे, अहंकार सोडावा, नाम घ्यावं, दीनांची सेवा करावी, हे ऐकताना मला परकं वाटत नाही. फरकही आहे आणि तो खोटा पाडू नये. आमचा विश्वास क्रूसावर मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या येशूवर उभा आहे, आणि तो आमच्यासाठी अनेक वाटांपैकी एक वाट म्हणून उभा नाही. हे प्रामाणिकपणे सांगूनही वारकऱ्याचे पाय चेपता येतात.

तुम्ही लोकांना बाटवता का?

घटनेच्या पंचविसाव्या कलमानं प्रत्येकाला सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. म्हणजे मी माझा विश्वास सांगू शकते, ठरवायचं ऐकणाऱ्यानं.

मला वाटतं कायदा नसता तरी ख्रिस्ती माणसानं याच रेषेवर उभं राहायला हवं होतं. पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश, लग्न, भीती यांतलं काहीही दाखवून आणलेला माणूस ख्रिस्ताकडे आलेला नसतो. एक शिष्य मिळवायला समुद्र पालथा घालणाऱ्यांना खुद्द येशूनं मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात खडसावलं आहे. आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करावी, अवश्य करावी, पण ‘गोळ्या बंद कर, विश्वास ठेव’ असं सांगणारा प्रचारक माणसाच्या जिवाशी खेळतो. त्याला मंडळीनंच थांबवलं पाहिजे. लोकांचा राग अशा प्रकारांवर असेल तर तो मला कळतो.

पण एखादी बाई सगळं समजून, दोन वर्षं उपासनेला येऊन, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा मागते, तेव्हा तिला अडवण्याचा अधिकारही कुणाला नाही. तिच्या नवऱ्याला नाही, गल्लीतल्या मंडळाला नाही, आणि आमच्या पाळकसाहेबांनाही (मंडळीच्या धर्मगुरूंनाही) नाही. घरच्यांशी नातं तुटू नये म्हणून आम्ही तिला थांबायला सांगतो, इतकंच. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परतल्या आणि विश्वासात आल्या त्या स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या गतीनं. माझ्या मते प्रत्येक प्रचारकानं ‘स्मृतिचित्रे’तली ती पानं वाचावीत.

चर्चमध्ये जातपात आहे का?

आहे. गलतीकरांस पत्रात पौल लिहितो की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद उरलेला नाही. आम्ही ते वाचतो, आणि मुलीचं स्थळ बघताना ‘मूळचे कुठले?’ असं हळूच विचारतो. पंचकमिटीच्या निवडणुकीत कोण कुणाचा हे मोजलं जातं. प्रभुभोजनाचा एकच प्याला तोंडाला लावणारी माणसं सोयरीक जुळवताना वेगळी होतात, हे आमचं पाप आहे. बाहेरच्यांनी बोट दाखवण्याआधी आम्हीच ते व्यासपीठावरून बोललं पाहिजे. तरुण पोरंपोरी परस्पर लग्न ठरवतात तेव्हा हा भेद थोडा थोडा मोडतो. पाळकांनी अशा लग्नांना नुसती परवानगी देऊन थांबू नये, उभं राहून आशीर्वाद द्यावा.

ख्रिस्ती दलितांना आरक्षण का नाही?

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू सोडून अन्य धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ च्या अहवालात ही अट काढावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही घटनेची फसवणूक आहे.

याचा परिणाम घरात कसा होतो ते सांगते. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारं कुटुंब शाळेच्या दाखल्यावर मुलाचा धर्म ‘हिंदू’ लिहितं, बाप्तिस्मा रजिस्टरात नोंद नको म्हणतं, आणि त्या मुलाला लहानपणापासून एक गोष्ट चर्चमध्ये बोलायची आणि दुसरी तहसील कचेरीत, असं शिकवलं जातं. विश्वासाच्या माणसाला खोटं बोलावं लागणं वाईट आहे, आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. पण ज्या बापाला चार एकर नाही, ज्याच्या बापाला विहीर नव्हती, त्याला ‘तुझा विश्वास किंवा तुझ्या पोराची फी’ यांतलं एक निवड म्हणणारा नियम न्याय्य आहे असंही मला वाटत नाही. अस्पृश्यता बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गावाच्या नजरेतून पुसली जात नाही. गाव त्या माणसाला पूर्वीच्याच नावानं ओळखतं.

या मागणीला विरोध करणारे म्हणतात की ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग सवलत कशी? वरच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वाचावं. दुसरी शंका बौद्ध आणि हिंदू दलित भावंडांची आहे की त्यांच्या वाट्यात भागीदार वाढतील. ती खरी शंका आहे, आणि तिच्यावर त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलायला हवं. मंडळ्यांनी तोवर निदान शिष्यवृत्ती उभी करावी.

सेटलमेंटच्या (‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या कुंपणाआडच्या वसाहतींच्या) इतिहासात मिशनचा हात होता. त्याबद्दल काय म्हणणं आहे?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांना तारेच्या कुंपणाआड वसवलं गेलं, त्यांची हजेरी घेतली जाई आणि गिरण्यांत त्यांना कामाला लावलं जाई. काही काळ या सेटलमेंटची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशननं तिथं शाळा चालवल्या, कारागिरी शिकवली, आणि त्यात राबणारी माणसं मनानं चांगली होती याबद्दल शंका नाही.

तरीही माझं मत असं आहे की ते काम चुकलं. कुंपण घालणाऱ्या सरकारचा कारभार हातात घेऊन आत जाणं आणि कुंपणाच्या आतल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसणं यांत फार अंतर आहे. मिशननं त्या कायद्यालाच विरोध करायला हवा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलिसांच्या संशयातून अजून सुटलेल्या नाहीत. सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीला या शहरात कुणाचं देणं फेडायचं असेल तर ते पहिल्यांदा त्या वस्त्यांचं आहे. तिथल्या पोराला रात्री उगाच उचललं तर ठाण्यात त्याच्या आईबरोबर जाऊन बसणारा वकील मंडळीनं द्यावा.

सरकारची प्रत्येक आज्ञा पाळायची, असं बायबल सांगतं का?

रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. कर भरा, मान द्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र न्यायसभेपुढे उभा राहून म्हणतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकात आहेत, आणि एक झाकून दुसरं वाचणं सोयीचं असतं.

या शहरात हा प्रश्न कागदावरचा नाही. मे १९३० मध्ये ब्रिटिश सरकारनं सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, गांधी टोपी घालणंसुद्धा महागात पडत होतं. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. त्या काळात ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’ हे वचन वाचून गप्प बसणं म्हणजे एक बाजू घेणंच होतं. आज आपण प्रजासत्ताकात आहोत, नागरिक हाच अधिकारी नेमतो. म्हणून कायदा पाळणं, चुकीच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात जाणं, अर्ज करणं, शांतपणे रस्त्यावर उतरणं, ही सगळी आज्ञाधारकपणाचीच रूपं आहेत. दगड उचलणं मात्र त्यात बसत नाही.

चर्चनं राजकारणात पडावं का?

पक्षाच्या राजकारणात मुळीच नाही. १९८८ चा कायदा धार्मिक स्थळांचा राजकीय कामासाठी वापर करायला मनाई करतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं हा भ्रष्टाचार मानतं, आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, निवडणुकीच्या आदल्या रविवारी उमेदवाराला व्यासपीठावर बसवून हार घालणं हे उपासनेचा अपमान करणं आहे. त्याच्या बदल्यात मिळणारं संरक्षक भिंतीचं आश्वासन कितीही गरजेचं असो. नमस्कार करून त्याला मागच्या बाकावर बसवावं, तोही देवाचं वचन ऐकायलाच आला आहे असं समजून.

सार्वजनिक प्रश्नांत मात्र पडायलाच हवं. बाबेलात हद्दपार झालेल्या लोकांना यिर्मया पत्र लिहितो की ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. आम्ही तर हद्दपारही नाही, घरीच आहोत. उजनीचं धरण भरलेलं असताना शहराला चार-चार दिवसांआड पाणी का येतं, यंत्रमागावरच्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो का, विडी वळणाऱ्या बायकांच्या छातीत काय भरतं, हे ख्रिस्ती प्रश्न आहेत. आम्ही वर्षानुवर्षं फक्त दफनभूमीची जागा आणि नाताळची सुट्टी यासाठीच निवेदनं देत आलो. ते मुद्दे खरे आहेत, दफनभूमीचा तर फारच. पण महापालिकेत आमचं तोंड फक्त आमच्याच कामासाठी उघडत असेल तर शहर आम्हाला पाहुणा समजतं, यात त्याची चूक नाही.

मग मत कुणाला द्यायचं, हे पाळकसाहेब सांगतील का?

सांगू नये, आणि विचारूही नये. उमेदवाराचं काम बघा, त्याच्यावरचे गुन्हे शपथपत्रात वाचा, घरी बसून प्रार्थना करा आणि केंद्रावर जा. एकाच घरातल्या दोन ख्रिस्ती माणसांनी दोन पक्षांना मत दिलं तर घर मोडत नाही.

मिशनच्या शाळेत बायबल शिकणं सक्तीचं असतं का?

सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे घटनेचं कलम २८ सांगतं. अल्पसंख्याकांना संस्था स्थापून चालवायचा अधिकार कलम ३० देतं. दोन्ही कलमं एकत्र वाचायची. माझी तक्रार वेगळीच आहे. मिशनच्या शाळा वस्तीतल्या पोरांसाठी निघाल्या होत्या. जिथं त्या फीच्या आकड्यानं ओळखल्या जाऊ लागल्या, तिथं भिंतीवरचा क्रूस ठेवून आतला हेतू गेला.

परदेशातून पैसा येतो ना?

मोठ्या संस्थांना येऊ शकतो, आणि तो २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी करून, २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच घ्यावा लागतो, हिशेब द्यावा लागतो. सामान्य मंडळीची उपासना दानाच्या थैलीवर आणि दशांशावर (सभासदांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर) चालते. मिशनच्या कंपाउंडच्या (जुन्या आवारांच्या) जमिनी विकल्याचे वाद अनेक ठिकाणी कोर्टात आहेत, आणि त्यात आमचेच लोक असतात. दान देणाऱ्या विधवेला हिशेब वाचता आला पाहिजे. तो चर्चच्या दारावर मराठीत लावावा.

दुसऱ्या धर्मातल्या व्यक्तीशी लग्न करता येतं का?

कायद्यानं येतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न होऊ शकतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दोघांनीही धर्म न बदलता, तीस दिवसांची नोटीस देऊन होतं. चर्चमध्ये लावून देण्याबाबत प्रत्येक मंडळीचे नियम वेगळे आहेत, कॅथलिकांत बिशपांची परवानगी लागते. लग्नासाठी म्हणून उरकलेला बाप्तिस्मा मला मान्य नाही. विश्वास नसेल तर रजिस्टर लग्न करा, जेवायला आम्ही येऊ.

घरातल्या प्रार्थनासभेवर शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर?

आधी आवाज बघा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद असावा, आणि दिवसाही परवानगी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत माइक कशाला? दहावी-बारावीच्या दिवसांत तर टाळीही हळू वाजवा. आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, त्यांना चहाला बोलवा. एवढं करूनही कुणी घोळका घेऊन दारात आला तर वाद घालू नका, व्हिडिओसाठी आरडाओरड करू नका, ११२ ला फोन करा, मंडळीच्या सचिवांना कळवा, आणि तक्रार लेखी द्या. घरात प्रार्थना करणं गुन्हा नाही.

शाळेत माझ्या मुलीला ‘तुम्ही इंग्रजांचे’ म्हणतात. तिनं काय उत्तर द्यावं?

चिडू नये, आणि गप्पही बसू नये. तिला आजीचं गाव सांगा, आजोबा कुठल्या गिरणीत होते ते सांगा. भारतात ख्रिस्ती विश्वास इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, केरळात तर फारच जुना, हे तिच्या वहीत लिहून द्या. टिळकांचं एखादं पद पाठ असू द्या. स्नेहसंमेलनात तिनं ते म्हटलं तर उत्तम. शिक्षकांना जाऊन भेटा, भांडायला नव्हे, नाताळाच्या आधी वर्गात दहा मिनिटं बोलायची परवानगी मागायला. बहुतेक शिक्षक देतात. आणि ती स्वतः कुणाला जातीवरून, धर्मावरून काही बोलते का, हेही घरी विचारा.

ख्रिस्ती नसलेल्या माणसाला उपासनेला येता येईल का?

या की. रविवारी सकाळी कुठल्याही चर्चचं दार उघडं असतं, वेळ बाहेरच्या पाटीवर लिहिलेली असते. कुठंही बसा. गायनाच्या वेळी सगळे उभे राहतात, तुम्हाला वाटलं तर राहा. गीतांचं पुस्तक शेजारचा माणूस पुढे करेल. दानाची थैली फिरली तर पुढे द्या, तुमच्याकडून अपेक्षा नाही. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी कुणाला काही वाटत नाही. उपासना संपली की दारात पाळकसाहेब प्रत्येकाशी हात मिळवतात आणि मागं चहा असतो. आमच्याकडे ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, तुम्ही नमस्कार म्हणालात तरी चालेल.